‘माझ्याकडे तर दिसतंय!’ : पहिली वेबसाइट घरी चालते आणि बाहेर बिघडते तेव्हा

आधी लक्षणं बघा. यातलं एकही जुळत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

– तुमच्या लॅपटॉपवर पान सुरेख उघडतं, पण तीच लिंक बहिणीला पाठवली की तिच्याकडे काहीच उघडत नाही.
– मजकूर दिसतो, फोटोंच्या जागी मात्र फाटक्या चित्राची खूण.
– रंग, चौकटी, मांडणी सगळं गायब. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं डावीकडे चिकटून बसलेली.
– पत्ता टाकला की ‘४०४’, ‘४०३’ किंवा होस्टिंगवाल्यांचं (ज्यांच्या सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर, तुमच्या फायली राहतात त्यांचं) ‘लवकरच येत आहोत’.
– मराठीच्या जागी किडेमुंग्या.
– दुरुस्ती करून फाइल चढवली, तरी जुनंच पान समोर येतं.
– वेबसाइट जिओवर दिसते, घरच्या ब्रॉडबँडवर दिसत नाही.

इंदुरात मल्हारगंजात माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपतीच्या वर्गणीची पत्रकं, असली कामं. ती हळूहळू कमी झाली आणि लोक ‘ताई, आमची वेबसाइट जरा बघता का’ म्हणून यायला लागले. दुकान बंद झालं, पण येणारे बंद झाले नाहीत. फराळ विकणाऱ्या काकू, कोचिंग क्लास काढलेला भाचा, भजनी मंडळ, घराण्याचा कुलवृत्तांत चढवणारे अण्णा. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असतं : ‘अहो, माझ्याकडे तर दिसतंय!’

दहातल्या आठ-नऊ वेळा दोष फायलीच्या नावात किंवा पत्त्यात निघतो. कोड बहुतेक बरा असतो, होस्टिंगही बरं असतं. पण घाबरलेला माणूस आधी महागडा प्लॅन घेतो, मग सगळं पुसून पुन्हा चढवतो, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून नेमसर्व्हर (वेबसाइटचं नाव कुठे शोधायचं ते सांगणारी नोंद) बदलतो. एका दोषाचे तीन झालेले असतात तेव्हा माझ्याकडे येतो. म्हणून खालचा क्रम सोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग बघा. आणि सुरू करण्याआधी वेबसाइटच्या फोल्डरची एक नक्कल पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

(फायलींची नावं आणि कोड मी इथे देवनागरीत लिहिते आहे, वाचायला सोपं पडतं. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

पहिली तपासणी : तुम्ही नेमकं काय बघताय?

फुकट, अर्ध्या मिनिटाची. ब्राउझरमध्ये वर पत्त्याची पट्टी बघा. तिथे पत्ता ‘फाइल:’ या शब्दाने सुरू होतोय का? पुढे ‘सी:/यूजर्स/…/डेस्कटॉप’ असं काही आहे का? असेल तर तुमची वेबसाइट अजून इंटरनेटवर गेलेलीच नाही. तुम्ही स्वतःच्या कपाटातली वही उघडून वाचताय.

फराळवाल्या काकूंनी असाच पत्ता कॉपी करून सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. ‘फाइल:///सी:/यूजर्स/…’ अशी लांबलचक ओळ, खाली दिवाळीच्या शुभेच्छा आणि पाच पणत्या. पुण्याहून, बडोद्याहून उत्तरं आली, ‘उघडत नाही गं’. काकू दुखावल्या. त्यांना वाटलं, लोक मुद्दाम बघत नाहीत. मी म्हटलं, ‘काकू, तुम्ही त्यांना घराचा पत्ता नाही दिलात, आपल्या स्वयंपाकघरातल्या फडताळाचा दिलात. त्यांच्या घरी त्या फडताळात दुसरंच काही असणार.’

पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल तर पुढे चला. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या, आणि खासगी खिडकीत, म्हणजे इनकॉग्निटोमध्ये, तीच वेबसाइट उघडा. इथून पुढे प्रत्येक तपासणीनंतर खरं-खोटं या खिडकीत ठरवायचं. तुमचा रोजचा ब्राउझर तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे, तो जुन्या आठवणी सांगतो.

दुसरी : जुनंच पान दिसतंय

ब्राउझर एकदा आणलेल्या फायली जपून ठेवतो, दर वेळी डेटा खर्च होऊ नये म्हणून. सोय चांगली आहे, पण शिकताना जीव खाते. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबा. क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-आर चालतं. मग तो जपलेली प्रत बाजूला ठेवून सगळं नव्याने मागवतो.

मांडणी न बदलण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. एचटीएमएल, म्हणजे मजकुराची फाइल, नवी येते, रंगरचनेची सीएसएस फाइल जुनीच वापरली जाते. भाच्याने एकदा रात्री दीडपर्यंत एका बटणाचा रंग बदलला, परत बदलला, पुन्हा बदलला. रंग पहिल्याच वेळी बदलला होता! इनकॉग्निटोमध्ये नवीन दिसत असेल तर दोष नाहीच, झोपा.

तिसरी : मुख्य फाइलीचं नाव आणि जागा

४०४, ४०३ किंवा ‘लवकरच येत आहोत’ दिसणाऱ्यांनी इथे थांबायचं.

नुसता पत्ता टाकल्यावर सर्व्हरला कुणी फाइलीचं नाव सांगत नाही. तो स्वतःच फोल्डरात एक ठरलेलं नाव शोधतो. बहुतेक ठिकाणी ते ‘इंडेक्स.एचटीएमएल’ असतं, सगळी अक्षरं स्मॉल. तुमच्या फाइलीचं नाव ‘होम.एचटीएमएल’, ‘माझीसाइट.एचटीएमएल’ किंवा कॅपिटल आयने सुरू होणारं ‘इंडेक्स’ असेल, तर त्याच्या लेखी फोल्डर रिकामं आहे. मग तो ४०४ म्हणतो, म्हणजे ‘सापडलं नाही’. किंवा ४०३, म्हणजे ‘आत काय आहे ते दाखवायची परवानगी नाही’.

आता यातली खरी गोम. विंडोज फाइलीच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. नोटपॅडमध्ये तुम्ही ‘इंडेक्स.एचटीएमएल’ नावाने सेव्ह करता आणि प्रत्यक्षात होते ‘इंडेक्स.एचटीएमएल.टीएक्सटी’. तुम्हाला शेवटचा तुकडा दिसतच नाही. विंडोज ११ मध्ये फोल्डर उघडून व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स. विंडोज १० मध्ये व्ह्यू टॅबमध्येच तशी चौकट आहे. ती एकदा चालू करा आणि जन्मभर चालूच ठेवा. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा, म्हणजे शेपूट लागत नाही.

मग जागा. बऱ्याच होस्टिंगमध्ये सगळ्यांना दिसणारं फोल्डर ‘पब्लिक_एचटीएमएल’ असतं. इंडेक्स थेट त्यात हवी. लोक काय करतात, डेस्कटॉपवरचं ‘न्यू फोल्डर’ अख्खंच त्यात ओढून टाकतात. मग वेबसाइट असते, पण पत्त्यापुढे फोल्डरचं नावही टाकलं तर! आतल्या फायली बाहेर काढून एक पायरी वर ठेवा. तिथे होस्टिंगवाल्यांची जुनी स्वागताची फाइल पडलेली असेल तर तीही बघा. सर्व्हर कधी कधी तिलाच आधी उचलतो. पुसू नका, नाव बदलून ठेवा, लागली तर परत मिळते.

गिटहब पेजेसवर फुकट वेबसाइट करणाऱ्यांनी इंडेक्स रेपॉझिटरीच्या, म्हणजे तिथल्या आपल्या प्रोजेक्टच्या फोल्डरच्या, सगळ्यात वरच्या पायरीवर आहे ना ते बघावं, किंवा सेटिंग्जमध्ये ‘डॉक्स’ फोल्डर निवडलं असेल तर त्याच्या आत. बदल दिसायला दहा मिनिटंही लागू शकतात, तेवढा दम धरा.

चौथी : कॅपिटल, स्मॉल आणि मोकळी जागा

या एका कारणाने माझा जितका वेळ खाल्ला असेल तितका बाकी सगळ्यांनी मिळून नाही. ‘माझ्याकडे तर दिसतंय’चं खरं मूळ बहुतेक इथे असतं, म्हणून जरा सविस्तर.

विंडोजला कॅपिटल आणि स्मॉलचा फरक वाटत नाही. तुमच्या कोडमध्ये ‘चकली.जेपीजी’ सगळं स्मॉलमध्ये लिहिलंय आणि फोल्डरात फाइल आहे कॅपिटल सीने सुरू होणारी, तरी विंडोज म्हणतं, ‘हीच ना, घ्या.’ मॅकचीही नेहमीची मांडणी अशीच उदार आहे. पण वेबसाइट जिथे जाऊन राहते तो सर्व्हर बहुतेक लिनक्सवर चालतो, आणि लिनक्सच्या लेखी कॅपिटल सीची चकली आणि स्मॉल सीची चकली या दोन वेगळ्या फायली आहेत. एक मागितली आणि दुसरी असली, तर उत्तर ४०४. हा काही बिघाड नाही. घरातला माणूस ‘ते जरा आण गं’ म्हटलं तरी बरोबर वस्तू आणतो, सरकारी बाबू अर्जातली एक वेलांटी चुकली तरी परत पाठवतो. दोघंही आपापल्या जागी बरोबरच.

काकूंच्या फोल्डरात मी बसले तेव्हा हे होतं : चकलीच्या फाइलीचं जेपीजी कॅपिटलमध्ये, कारण कॅमेऱ्याने तसंच दिलं. शंकरपाळ्याच्या नावात मधे मोकळी जागा. अनारशाच्या नावापुढे कंसात एक, कारण व्हॉट्सॲपवरून दोनदा उतरवला होता. करंजीचं नाव चक्क देवनागरीत. आणि चिवड्याची फाइल ‘जेपीईजी’, कोडमध्ये ‘जेपीजी’. पाच पदार्थ, पाच तऱ्हेचे दोष. लॅपटॉपवर त्यातले तीन झकास दिसत होते, म्हणून त्या दोनच फोटोंबद्दल विचारायला आल्या होत्या.

उपाय रटाळ आहे पण पक्का. सगळ्या फायलींना स्मॉल अक्षरांत, रोमन लिपीत, मोकळी जागा न ठेवता नावं द्या. दोन शब्द असतील तर मधे आडवी रेघ. मग कोडमध्ये तीच नावं हुबेहूब लिहा. हाताने टाइप करू नका, फाइलीचं नाव कॉपी करून चिकटवा. देवनागरी नावं चालतच नाहीत असं नाही, पण पत्त्यात एकेका अक्षराची टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ-नऊ चिन्हं होतात, आणि ती लिंक ग्रुपवर टाकली की सापासारखी वळवळते. काना-मात्रेचंही वेगळं अक्षर धरलं जातं, हे लक्षात घ्या.

दोन खाचखळगे. नाव बदलून पुन्हा चढवलं की सर्व्हरवर जुन्या नावाची फाइलही राहते. तिथे दोन चकल्या होतात. नवी चालते आहे हे बघून मग जुनी काढा. दुसरं, गिट वापरणाऱ्यांसाठी : विंडोजवर फक्त कॅपिटलचं स्मॉल केलं तर गिटला बहुतेक कळतच नाही आणि तो ‘काही बदललं नाही’ म्हणतो. ‘गिट एमव्ही’ या आज्ञेने नाव बदला, नाहीतर सरळ गिटहबच्या पानावर जाऊन बदला.

आणि आयफोनवाले, तुमच्या फोटोचं शेपूट ‘एचईआयसी’ असेल तर तो नव्या सफारीत दिसेल, क्रोममध्ये नाही. म्हणजे तुमच्या फोनवर आहे आणि बाकी बहुतेकांकडे नाही. जेपीजी करून घ्या. शेपूट नुसतं खोडून जेपीजी लिहिणं म्हणजे जेपीजी करणं नव्हे, हेही सांगून ठेवते, कारण ते करणारे भेटलेत. जेपीजी करतानाच फोटो लहानही करा. फोनचा पाच एमबीचा फोटो तसाच चढवला की धिम्या नेटवर लोकांना पांढरी चौकट दिसते आणि ते निघून जातात. रुंदी १२०० पिक्सेल पुष्कळ झाली.

पाचवी : वाट चुकलीय का?

नाव बरोबर, तरी फोटो नाही. फाटक्या खुणेवर राइट क्लिक करून ‘नव्या टॅबमध्ये चित्र उघडा’ म्हणा आणि वर येणारा पत्ता मोठ्याने वाचा. मोठ्याने, कारण डोळे चूक गाळून वाचतात, जीभ तितकी गाळत नाही. प्रूफं वाचण्याच्या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे.

पत्त्यात पुन्हा ‘सी:\यूजर्स’ आलं, तर कोडमध्येच तुमच्या कपाटाचा पत्ता घातलाय. त्याऐवजी नुसतं ‘इमेजेस/चकली.जेपीजी’ लिहा, म्हणजे ‘मी जिथे आहे तिथून इमेजेस फोल्डरात जा’. रेघ पुढे झुकलेली हवी, मागे झुकलेली विंडोजची सवय आहे. एक पायरी वर जायचं असेल तर दोन टिंबं आणि पुढे झुकलेली रेघ.

सुरुवातीलाच रेघ टाकली, ‘/इमेजेस/…’ अशी, तर त्याचा अर्थ होतो ‘अगदी वाड्याच्या दिंडी दरवाजापासून मोजा’. स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे वेबसाइटसाठी घेतलेल्या नावावर, हे ठीक चालतं. पण गिटहब पेजेसवर साध्या प्रोजेक्टची वेबसाइट दिंडीत नसते, आतल्या खोलीत असते. पत्त्यात तुमच्या नावानंतर रेपॉझिटरीचं नाव येतं. तिथे ही पहिली रेघ फोटो, सीएसएस सगळंच हरवते. पहिली रेघ काढून टाका.

मांडणी गायब असेल तर सीएसएसच्या ओळीला हेच सगळं लागू. तिथे राइट क्लिक करायला काही नसतं, म्हणून एफ-१२ दाबून ‘नेटवर्क’ नावाचा भाग उघडा आणि पान पुन्हा आणा. लाल अक्षरांत ४०४ असलेल्या ओळी म्हणजे न सापडलेल्या फायलींची हजेरी. एफ-१२ ला लोक घाबरतात. तिथे नुसतं बघण्याने काहीही मोडत नाही.

सहावी : मराठीच्या किडेमुंग्या

हे माझं आवडतं दुखणं, कारण बिघडलेली अक्षरं स्वतःच सांगतात काय झालंय ते. चार तऱ्हा आहेत.

डोक्यावर तिरकी रेघ घेतलेले ‘ए’ आणि मधे मधे चलनाची चिन्हं दिसत असतील, तर फाइल शाबूत आहे, ब्राउझर ती चुकीच्या तक्त्याने (कोणत्या आकड्याचं कोणतं अक्षर, याच्या यादीने) वाचतोय. यूटीएफ-८ या सगळ्या लिपींच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटचं असतं, आणि जुना युरोपी तक्ता प्रत्येक बाइटचं एक चिन्ह करतो. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी मिळून पाच तुकड्यांचा. त्याची पंधरा चिन्हं होतात. म च्या शेवटी रजिस्टर्ड ट्रेडमार्कचा गोलातला आर येतो, र च्या शेवटी तापमानाचं अंशाचं चिन्ह, काना होतो पाऊण, आणि वेलांटी होते येन आणि युरो. अण्णांच्या कुलवृत्तांताचं पहिलं पान असं येन-युरोंनी भरलेलं बघून मी म्हटलं, ‘अण्णा, घराणं परदेशी गेलं की तुमचं.’ उपाय एका ओळीचा : ‘हेड’च्या आत अगदी वर <मेटा चारसेट="यूटीएफ-८"> ही ओळ. वर म्हणजे खरंच वर, फाइलीच्या पहिल्या १०२४ बाइटांत ती असावी असा नियम आहे.

नुसती प्रश्नचिन्हं असतील तर बातमी वाईट. फाइल एएनएसआय या जुन्या पद्धतीने सेव्ह झाली आणि मराठी तिथेच पुसली गेली. जुन्या नोटपॅडची नेहमीची पद्धत तीच होती; विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ या आवृत्तीपासून ती यूटीएफ-८ झाली. प्रश्नचिन्हांतून मजकूर परत येत नाही. मूळ प्रत शोधा, नाहीतर पुन्हा टाइप करा.

रिकाम्या चौकटी दिसत असतील तर अक्षरं ठीक आहेत, त्या यंत्रावर देवनागरी फाँट नाही. हल्ली क्वचित.

चौथी तऱ्हा आपल्या गावाची खास. मराठीच्या जागी ‘ई जे के बी एच’ असली निरर्थक इंग्रजी अक्षरं येतात, आणि हे नेमकं त्याच्याकडेच होतं ज्याने मजकूर एखाद्या टायपिंगच्या दुकानातून करून घेतलाय. तो कृतिदेवात आहे. मध्य प्रदेशात हिंदी टायपिंग वर्षानुवर्षं कृतिदेवावर चाललं. मीही त्यावरच पोट भरलं. कृतिदेव ही देवनागरीचा मुखवटा घातलेली इंग्रजी अक्षरं आहेत. मुखवटा, म्हणजे फाँट, ज्याच्याकडे नाही त्याला खालचा चेहरा दिसतो. मेटाची ओळ इथे काहीही करणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फाँट कोणताही असला तरी मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या, त्यासाठी फुकट साधनं मिळतात. बदलल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. कृतिदेवात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, म्हणून गडबड तिथेच होते. मराठीचा ळही तपासा.

सातवी : कुणाकडे दिसते, कुणाकडे नाही

इथवर सगळं ठीक असेल, आणि डोमेन नुकतंच घेतलं किंवा हलवलं असेल, तर कारण डीएनएस. नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी ही वही जगभर ठिकठिकाणी नकलून ठेवलेली असते, आणि प्रत्येक नक्कल आपापल्या मुदतीनंतरच ताजी होते. म्हणून जिओला नवा पत्ता कळलेला असतो, घरच्या ब्रॉडबँडला जुनाच. नेमसर्व्हर बदलले की काही तास, कधी ४८ तासही लागतात. उपाय म्हणजे हात बांधून बसणं. मधेच पुन्हा बदललंत तर मुदत पुन्हा पहिल्यापासून.

एका मंडळाने गणपती बसायच्या आदल्या संध्याकाळी होस्टिंग बदललं. स्थापनेच्या दिवशी अर्ध्या लोकांना आरतीच्या वेळा दिसत होत्या, अर्ध्यांना मागच्या वर्षीचं बक्षीस वितरण. रात्री मुलांनी घाबरून परत जुनं केलं. पुढचे दोन दिवस कुणाला काय दिसेल याचा नेम राहिला नाही. शेवटी मांडवाबाहेर फळ्यावर खडूने वेळा लिहिल्या. असले बदल सणाच्या आठवडाभर आधी, नाहीतर विसर्जनानंतर.

डोमेनची मुदत संपलीय का, तेही याच वेळी बघा. आणि डॉट कॉमसारखं डोमेन नवं असेल तर नोंदणीनंतर ईमेल पडताळणीचा निरोप येतो. १५ दिवसांत त्यावर टिचकी मारली नाही तर डोमेन थांबवलं जातं. तो निरोप हटकून स्पॅममध्ये असतो.

पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ येत असेल तर होस्टिंगच्या पॅनेलमध्ये एसएसएल, म्हणजे सुरक्षित जोडणी, चालू करा. लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट असतं, बरेच होस्टिंगवाले तेच देतात. त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर आधी कारण विचारा.

आता थांबा आणि माणूस बोलवा

पाचशेच्या घरातले आकडे, म्हणजे ५००, ५०३, दिसले तर दोष सर्व्हरच्या आत आहे. तुम्ही नुकतीच ‘एचटीॲक्सेस’ नावाची फाइल बदलली असेल तर ती पूर्ववत करा, नाहीतर होस्टिंगच्या मदतकेंद्राला कळवा. ४०३ येतोय आणि इंडेक्स जागेवर आहे, तर फायलींच्या परवानग्या एकदा बघा : फायलींना ६४४, फोल्डरांना ७५५. यापुढे हात लावू नका. ७७७ केलं की चालतं असं कुणी सांगेल. ते घराला कुलूप नको, दारच काढून टाका म्हणण्यासारखं आहे.

गूगलवरून आलेल्या माणसाला तुमच्या वेबसाइटऐवजी सट्ट्याचं किंवा औषधांचं पान दिसतंय, तर आत कुणीतरी शिरलंय. स्वतः साफ करायला बसू नका, वरवरचं पुसलं जातं आणि मागचं दार उघडंच राहतं. डेटाबेस जोडला जात नाही असा निरोप, ऑनलाइन पैसे घेणारं पान, डोमेनवर चालणारे ईमेल बंद पडणं, मुदत संपून बरेच दिवस झालेलं डोमेन, हीसुद्धा शिकायच्या वयातली कामं नव्हेत. यातल्या अर्ध्या गोष्टींसाठी मीही जेल रोडवरच्या एका मुलाला फोन करते.

बोलावताना कागदावर चार गोष्टी लिहून ठेवा : पूर्ण पत्ता, पडद्यावरचा निरोप जसाच्या तसा, कधीपासून, आणि त्याआधी शेवटचं काय बदललं. चौथी गोष्ट लोक लपवतात. डॉक्टरपुढे खाल्लेलं लपवावं तसं. पैसे कामाचे की तासाचे, हे आधी ठरवा. मुख्य पासवर्ड देऊ नका, त्याच्यासाठी वेगळं खातं काढून द्या, काम झालं की बंद करा. ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही.

आणि डोमेन तुमच्या स्वतःच्या ईमेलवर नोंदवलेलं आहे ना, हे आजच बघा. भजनी मंडळाचं डोमेन एका उत्साही मुलाने त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर घेतलं होतं. मुलगा नोकरीला गेला, कॉलेजने ईमेल बंद केला, नूतनीकरणाच्या आठवणी त्या बंद पेटीत पडत राहिल्या. मंडळाला कळलं तेव्हा नाव दुसऱ्याने घेतलेलं होतं. आता त्यांच्या पत्त्यात मंडळाच्या नावापुढे एक ‘इंदूर’ जोडलेलं आहे, आणि नूतनीकरणाची तारीख पेटीवादकाच्या पेटीवर आतून चिकटवलेली आहे.